अर्धी ट्रॉली खाली झाल्यावर

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच आशा लावून वाचणार नाही. आमचा गेम कुणी छापला नाही, पुढेही कुणी छापणार नाही, आणि ज्याच्यासोबत मी तो बनवला तो माणूस आता रविवारी येत नाही. झालं. आता पहिल्यापासून सांगते. बोर्ड गेम्सवर बोलायला लागले की मी थांबत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहितीये. मी "आई, ऐक ना, एक नवीन गेम आलाय" एवढं म्हटलं की आई मिक्सर चालू करते.

बोर्ड गेम म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे सापशिडी? अहो नाही ना! सापशिडीत फासा पडतो आणि साप गिळतो, त्यात माझं डोकं कुठे आलं? आताचे गेम वेगळे असतात. कशात तुम्ही रेल्वे टाकता, कशात बेट वसवता, कशात सगळे मिळून साथीचा रोग आवरता. तीस पानांचं नियमांचं पुस्तक असतं, लाकडाचे छोटे छोटे ठोकळे असतात, आणि प्रत्येक कार्डाला प्लास्टिकचं कव्हर घालायचं असतं. कव्हर न घालता कार्ड हाताळणारा माणूस मला बघवत नाही.

मी नाशिकला सिडकोत एका प्रिंटिंग प्रेसमध्ये काम करते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांची बिलबुकं. मराठी टायपिंग माझ्याइतकं फास्ट आमच्याकडे कुणाचं नाही, मालक पण मानतात. पण दिवसभर काय टाइप करते? "आमचे येथे श्री कृपेकरून." दिवसाला आठ वेळा. त्यामुळे रविवार म्हणजे माझ्यासाठी काय होता, ते तुम्हाला कळेल.

आम्ही खेळायचो इंदिरानगरमध्ये, एका दातांच्या दवाखान्यात. खरंच! दवाखाना माझ्या ताईचा, ती डेंटिस्ट. रविवारी पेशंट नसतात, मग वेटिंग रूममध्ये मधलं टेबल ओढायचं आणि भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र, त्याच्याखाली आमचा डाव. ताईचा नवरा, म्हणजे आमचे जिजू, बँकेत. त्यांचं काम नियम वाचायचं. ते एवढे नियम वाचायचे की खेळ सुरू व्हायच्या आधी चहाचे दोन राउंड व्हायचे. चिवडा असायचा, पण चमच्याने खायचा. तेलकट हात कार्डांना लागला तर जिजू डावातून काढायचे, बायको असली तरी.

चौथा माणूस नव्हता आम्हाला. तिघांत अर्धे गेम चालतच नाहीत. एका रविवारी दवाखान्याला सामान पोचवणारा एक जण आला. दातात भरायची पावडर, हातमोजे, असलं काही तरी खोक्यात. टू-व्हीलरवर सगळं नाशिक पालथं घालायचा. शनिवारी राहिलेली डिलिव्हरी म्हणून रविवारी आला, खोकं ठेवलं आणि टेबलाकडे बघत उभाच राहिला.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

जिजू म्हणाले, "लिलावाचा गेम आहे. चित्रं विकत घ्यायची, बोली लावायची."

"बसू का?"

बसला. आणि आम्हा तिघांना असं धुतलं, असं धुतलं! ताई चिडून म्हणाली, "तुम्ही आधी खेळलाय हा गेम."

"नाय हो डॉक्टर. तुम्ही बोली लावताना एकमेकांच्या तोंडाकडे बघता. मालाकडे बघत नाय कोणी."

तो लासलगावकडच्या एका गावातला निघाला. घरी कांदा. शाळा सुटल्यापासून बापासोबत ट्रॅक्टर चालवून बाजारात नेलेला. तीस-एकतीसचा असेल. त्या दिवसापासून तो आमचा दादा झाला आणि मी त्याची बारकी. "ए बारके, तुझे गडी मांड लवकर." लाकडी माणसांना तो गडी म्हणायचा. आम्हीही तेच म्हणायला लागलो. जिजूसुद्धा, ज्यांना प्रत्येक गोष्टीचा इंग्लिश शब्द पाठ होता.

मग एकदा माझ्या डोक्यात आलं, आणि माझ्या डोक्यात आलं की ते लगेच तोंडातून बाहेर येतं. मी म्हटलं, "दादा, कांद्याच्या लिलावाचा गेम आपणच बनवू या ना!"

तो हसला. पण पुढच्या रविवारी वहीचं पान घेऊन आला. त्यावर ट्रॉल्यांची रांग काढलेली.

चार-पाच महिने आम्ही दुसरं काही केलं नाही. प्रेसमधल्या उरलेल्या जाड कागदावर मी कार्डं छापायची, जेवणाच्या सुट्टीत कटरवर कापायची. ट्रॉली म्हणून लाकडी ठोकळे. गेम अगदी सोपा होता, एका मिनिटात सांगते. सगळे शेतकरी, आणि आळीपाळीने एक जण व्यापारी. तुमच्या ट्रॉलीत कसा कांदा आहे ते तुमच्या पालथ्या कार्डावर. बाकीच्यांना दिसतो तो वरचा एकच कांदा. व्यापारी बोली लावणार, पटली तर हो म्हणायचं, मग ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे त्याच्या माल उतरवायच्या आवारात न्यायची आणि खाली करायची. नावही साधं, "लिलाव".

आणि वांधा. वांध्याचं सांगायलाच हवं, सगळं तिथूनच सुरू झालं.

दादाने कार्डांची यादी करून पाठवली होती. त्यात एक होतं, "वांधा - सहा कार्डं." मला वाटलं, वांधा म्हणजे वांधा! आपण म्हणतो ना, काय वांधे झालेत, पेट्रोलचे वांधे, पैशाचे वांधे. मी मस्त डिझाइन केलं. ट्रॅक्टरचं पंक्चर टायर, वर लाल अक्षरात "वांधा!" आणि खाली, "एक फेरी चुकवा". सहाच्या सहा छापून, कव्हरं घालून दवाखान्यात नेली.

दादा कार्ड बघून एवढा हसला की डोळे पुसायला लागला. "बारके, तू तर गॅरेजच उघडलं."

"का? काय चुकलं?"

"वांधा म्हणजे पंक्चर नाय. लिलाव झाला, भाव ठरला, तू ट्रॉली घेऊन खळ्यावर गेली. माल खाली करायला लागली. तेव्हा व्यापाऱ्याचा माणूस येतो, दोन कांदे उचलतो आणि म्हणतो, वर चांगला होता, खाली बारीक गोल्टी निघाली, ओला हाय, या भावात नाय परवडत. तो वांधा. वांधा काढला म्हणतात."

"मग भांडायचं ना! भाव तर ठरला होता."

दादा जरा वेळ कार्डाला बोटाने टिचक्या मारत राहिला. मग म्हणाला, एकोणीस वर्षांचा असताना बापाने त्याला पहिल्यांदा एकट्याला पाठवलं होतं बाजारात. भाव चांगला मिळाला. फोन करून घरी सांगितलं पण. आणि खळ्यावर वांधा निघाला. माल चांगला होता, त्याने स्वतः निवडला होता. व्यापाऱ्याच्या माणसाने भाव पाडून सांगितला आणि हा हो म्हणाला. घरी गेल्यावर बाप म्हणाला, भांडला का नाय?

"मग तू काय म्हणालास?"

"अर्धी ट्रॉली खाली झाल्ती." एवढंच म्हणाला दादा. मग माझं तोंड बघून समजावलं. "वांधा कायम अर्धी ट्रॉली खाली झाल्यावर निघतो, बारके. आधी नाय. अर्धा माल त्याच्या ढिगात मिसळला. उरलेला अर्धा घेऊन कुठं जाणार? आन् मागं रांग लागलेली. लोक ओरडतेत, आवर रे, आवर."

बापरे! मला तर अंगावर काटा आला आणि त्याच सेकंदाला, लाज वाटते सांगायला, मला वाटलं, गेमसाठी काय भारी मेकॅनिक आहे! मेकॅनिक म्हणजे ज्यावर डाव फिरतो तो नियम. मी तिथेच नवीन कार्ड टाइप केलं मोबाइलवर. "वांधा: अर्धी ट्रॉली खाली झाल्यावरच खेळा. भाव निम्मा. शेतकऱ्याने मान्य करावे, किंवा उरलेला अर्धा माल परत न्यावा आणि एक फेरी थांबावे." ताई वाचून म्हणाली, "अगं, हे फार क्रूर आहे." दादा म्हणाला, "बरोबर हाय."

मग आम्ही ते घेऊन खेळायला लागलो आणि डाव दर वेळी तिथे येऊन मोडायला लागला. जिजू कार्ड आपटायचे. "यात मला चॉइस कुठे आहे? मी सगळं नीट केलं, बोली नीट घेतली, आणि शेवटी हा वांधा काढणार. खेळाडूच्या हातात काहीच नसेल तर तो गेम नाही, शिक्षा आहे."

"चॉइस हाय ना जिजू. परत न्यायचा."

"परत नेला की अजून बुडतो!"

"मग?"

"मग बॅलन्स करा!"

"बॅलन्स केला तर खोटा व्हईल."

हे भांडण किती रविवार चाललं म्हणून सांगू! पण तेव्हा ते भांडण म्हणजे सुख होतं. ग्रुपवर आठवडाभर चालायचं. मी फ्लेक्सवर कुणाच्या तरी लाडक्या नेत्याचा गॉगल घासूनपुसून लावत असायचे आणि बाजूला टाइप करत असायचे, "वांधा सहाऐवजी चार कार्डं ठेवली तर???" दादाचा रिप्लाय डिलिव्हरीच्या मधून कुठून तरी यायचा, "नाय."

मग पुण्याचं आलं. पुण्यात एका हॉलमध्ये गेम बनवणारे लोक आपापले कच्चे गेम घेऊन बसतात, येणारे जाणारे खेळून बघतात, आणि गेम छापणाऱ्या एका कंपनीची बाई टेबलाटेबलावर फिरते. आवडला तर ती गेम घेते. मी फॉर्म भरला आणि आम्हाला टेबल मिळालं! मी प्रेसमध्ये ओरडलेच. मालकांना वाटलं मशीनमध्ये बोट गेलं.

मला काय पाहिजे होतं ते सरळच सांगते. मला त्या बाईने "घेतो" म्हणायला पाहिजे होतं. दुकानात आमचा डबा, त्यावर आमची दोन नावं. मला "आमचे येथे श्री कृपेकरून"मधून बाहेर पडायचं होतं. एवढं दुसरं काहीच मला कधी हवं वाटलं नव्हतं.

आदल्या आठवड्यात मी गेम प्रेसमधल्या तीन पोरींना खेळायला दिला. वांधा निघाला आणि एक जण म्हणाली, "ए, बोअर आहे हे. सारखं रडायचंच का?" आणि मोबाइल काढून बसली. दुसरीने जांभई दिली. मी घाबरले. पुण्याच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, खेळाडूला मजा येते का?

शनिवारी दुपारी मी बसले आणि एक नवीन कार्ड बनवलं. "हुज्जत घाला!" कमरेवर हात ठेवून ओरडणारा कांदा, मिशीवाला, एकदम क्यूट. "वांधा निघाल्यास हे कार्ड टाका. पूर्ण भाव मिळवा!" प्रत्येकाला सुरुवातीलाच एक. वीस मिनिटांत झालं. सांगितलं ना, मी फास्ट आहे.

दादाला दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बसमध्ये सांगणार होते. आईशप्पथ, सांगणारच होते.

पण महामार्ग स्टँडवर तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. हातात पिशवी, त्यात घरचे कांदे, टेबलावर मांडायला. सिन्नरपर्यंत तो बोलतच होता, आणि एरवी तो बोलत नाही. "बापाला सांगितलं काल. म्हणे, कांद्याचा खेळ? मग आमी इतके दिवस काय करत होतो?" आणि स्वतःच हसला. मग म्हणाला, "मी म्हटलं, वांधा पण हाय त्यात. म्हाताऱ्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणे, लोकांना कळंल का? मी म्हटलं, बारकीनं नीट लिहिलंय, कळंल."

आता सांगा, मी कसं सांगणार होते? संगमनेर गेलं, नारायणगाव गेलं, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बस तासभर उभी होती, तेव्हाही वेळ होता. मी खिडकीतून ट्रक मोजत बसले.

पहिल्याच डावात ते झालं. टेबलावर कॉलेजची तीन पोरं आणि एक मुलगी. शेजारी त्या कंपनीची बाई येऊन उभी राहिलेली, हातात पॅड. मुलीचा भाव ठरला, ट्रॉली खळ्यावर गेली, अर्धी खाली झाली, आणि व्यापारी झालेल्या पोराने वांधा टाकला. दादा पुढे सरकून बसला. त्या मुलीकडे बघत होता, आता तिला कळेल म्हणून.

मुलीने हुज्जत टाकली. "पूर्ण भाव! चल, काढ!" सगळे खो खो हसले. पोराने कपाळावर हात मारला.

दादाने हात लांब करून ते कार्ड उचललं. वाचलं. उलटून मागे पण बघितलं, जणू मागे अजून काही लिहिलं असेल. मग त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

ती मुलगी उत्साहात होती बिचारी. तिने त्यालाच विचारलं, "दादा, असं खरंच होतं का? म्हणजे भांडलं की देतात का पूर्ण भाव?"

मला वाटलं, आता हा सांगणार, नाय. आणि मी मनात म्हटलं, सांग, सांगून टाक.

"देतात की," दादा म्हणाला. "भांडायला पायजे फक्त."

त्याने कार्ड परत जागेवर ठेवलं. कव्हरचा कोपरा दुमडला होता, तो बोटाने नीट केला. माझा गेम पडू नये म्हणून तो सगळ्यांसमोर असं बोलला. आणि ते बोलताना तो एकोणीस वर्षांच्या स्वतःलाच भांडला का नाय म्हणत होता, हे मला घरी जाताना कळलं. फास्ट टाइप करणाऱ्यांना काही गोष्टी फार स्लो कळतात.

डाव संपल्यावर कंपनीची बाई माझ्याशी बोलली. चांगली होती हो, तिच्यावर माझा काही राग नाही. म्हणाली, "चित्रं सुंदर आहेत. खेळताना लोक हसतायत. पण बाजारात बोली लावायची, मग कार्ड टाकून वाचायचं, असे गेम आमच्याकडे बरेच येतात. तुमच्या गेममध्ये वेगळं काय आहे?"

जे वेगळं होतं ते मी शनिवारी दुपारी वीस मिनिटांत काढून टाकलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "थीम."

तिने पॅडवर काही तरी लिहिलं, हसली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

परत येताना दादा छान वागला. खोकं त्यानेच धरलं, मला खिडकी दिली, नारायणगावला चहा पाजला. मी तीनदा "दादा, सॉरी" म्हटलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "अगं चालतंय." कांद्याची पिशवी त्याने मला दिली, आईला दे म्हणून. आईने त्याची भजी केली आणि घरात सगळ्यांनी खाल्ली. मी पण खाल्ली. चांगला होता कांदा.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पण नाही. ताईकडे सामान यायचं, पण बुधवारी, मी प्रेसमध्ये असताना. ताई म्हणाली, "मी विचारलं त्याला. म्हणतो, रविवारी आराम करतो आता." मग आम्ही तिघं पहिल्यासारखे बसलो. जिजूंनी एक नवीन गेम आणला, नियम वाचले, दोन चहा झाले. मध्येच ताईच्या तोंडून गेलं, "गडी मांडा," आणि जिजू परत नियमांच्या पुस्तकात शिरले. मग जिजूंची बँकेत कसली तरी परीक्षा आली, मग ताईने रविवारी पण पेशंट घ्यायला सुरुवात केली. सरळ सांगायचं तर ग्रुप संपला. ग्रुपवर शेवटचा मेसेज कुणीतरी टाकलेला गुड मॉर्निंग आहे.

मी हुज्जतची सगळी कार्डं फाडली. खरंच फाडली, कव्हरसकट. वांधा जसा होता तसा परत छापला. फोटो काढला आणि दादाला पाठवला. खाली लिहिलं, "तुझा वांधा परत आणलाय. आता हाच फायनल. कधीच बदलणार नाही."

दुसऱ्या दिवशी रिप्लाय आला. "खेळ भारी हाय बारके. फक्त माझं नाव काढ."

मी आनंदाने वेडी झाले! दोन सेकंदांत टाइप केलं, "काढणारच दादा!!! बघच तू, सगळ्या महाराष्ट्रात नाव काढते तुझं!!!" पुढे आगीचे सहा इमोजी.

निळ्या खुणा झाल्या. "टायपिंग" दिसलं. गेलं. परत दिसलं. बराच वेळ असंच.

मग आलं, "तसं नाय. खोक्यावरचं."

मी फाइल उघडली. झाकणावर दोन नावं होती, मध्ये "आणि". दादाचं नाव सिलेक्ट केलं, डिलीट केलं. "आणि" पण काढावं लागलं. मग माझं एकटीचंच राहिलं, ते चोरी केल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून तेही काढलं. तसंच झाकण छापून चिकटवलं.

ते खोकं आता प्रेसमध्ये आहे. आमच्याकडे एक फळी आहे, छापून तयार पण कुणी न्यायलाच न आलेल्या मालाची. मोडलेल्या लग्नाच्या पत्रिका, बंद पडलेल्या दुकानाची बिलबुकं, असलं सगळं. परवा मालक फळी आवरत होते. खोकं हलवून बघितलं, आत ट्रॉल्या वाजल्या.

"हे कुणाचं गं? नावच नाही यावर."

मी म्हटलं, "गिऱ्हाईक आलंच नाही."

"फोन केलास?"

"केला."

"रद्दीत टाकू?"

माझ्यासमोर एक पत्रिका अर्धी टाइप झालेली होती. मी मान वर न करता म्हटलं, "टाका." पण त्यांनी टाकलं नाही, जागा होती म्हणून परत वर ठेवून दिलं.